चिंधीतील बरकत



रमजानचा शेवटचा आठवडा आला की आपल्या वस्त्यांतील शिंप्यांच्या दुकानांत रात्रभर दिवे जळत असतात. ईदच्या सकाळी लहानथोर नवे कपडे घालून ईदगाहकडे निघतात, गळाभेटी होतात, घरोघरी शीरखुर्मा वाटला जातो. त्याच सकाळी त्या दुकानांच्या मागे चिंध्यांनी भरलेल्या गोण्या उभ्या असतात. त्यांतील बऱ्याच उकिरड्यावर जातात, काही गटारात सापडतात आणि काहींना कोणीतरी काडी लावून मोकळा होतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे तर यंत्रमागांवर रात्रंदिवस कापड विणले जाते. तेथे उरणारे तुकडे आणि गुंतलेले सूत किती असेल, हे त्या गावांतील वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्या घरांतील कपाटांतही वापरातून गेलेल्या साड्या, ओढण्या, जीन्स, चादरी आणि मागील लग्नसराईतील पत्रिका साठून असतात.

त्याच वस्तीत, कदाचित त्याच गल्लीत, एखादी भगिनी अशी असते की जिच्या हातांत कसब आहे, घरात शिलाई मशीन आहे, पण काम नाही. चूल पेटती ठेवण्यासाठी ती व्याजाचे कर्ज घेते आणि दर आठवड्याला हप्त्याचा दिवस आला की तिची झोप उडते. एकीकडे टाकून दिलेले सामान आणि दुसरीकडे रिकामे बसलेले हात, या दोन गोष्टी एकाच गल्लीत असूनही एकमेकींना का भेटत नाहीत? या लेखात आपण या प्रश्नाचा इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात विचार करणार आहोत.

टाकाऊ म्हणजे नेमके काय?

दिव्य कुरआनातील सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची परवानगी देतानाच मर्यादा ओलांडण्याची मनाई केलेली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये तर उधळपट्टी करणाऱ्यांचे नाते सैतानाशी जोडले आहे. हा इशारा आपण बहुधा लग्नातील पंगतीपुरता घेतो. वास्तविक, जी वस्तू अजून उपयोगी पडू शकते ती निरुपयोगी ठरवून फेकून देणे हीसुद्धा अल्लाहच्या देणगीची अवहेलनाच होय. कापसाच्या एका बोंडामागे माती, पाणी, ऊन, शेतकऱ्याचे श्रम आणि विणकराची रात्रपाळी असते. त्या बोंडाचे कापड होते आणि आपण ते एका ईदला घालून विसरून जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातील एक प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. ह. आयेशा (रजि.) यांनी घरात एक पडदा लावला होता आणि त्यावर चित्रे होती. प्रवासाहून परतल्यावर प्रेषितांना (स.) तो आवडला नाही व त्यांनी तो काढला. पुढे त्या पडद्याचे काय झाले, हे लक्षपूर्वक पाहा. तो उकिरड्यावर गेला नाही. त्या कापडाच्या एक किंवा दोन उशा करण्यात आल्या आणि प्रेषित (स.) त्यांवर टेकून बसत असत. ज्या रूपात ती वस्तू नको होती ते रूप गेले, पण कापड कामी आले.

दुसरा प्रसंग ह. मैमूना (रजि.) यांच्या मुक्त केलेल्या दासीचा आहे. तिला दान म्हणून मिळालेली बकरी मरून पडली होती. प्रेषितांनी (स.) विचारले की, हिच्या कातड्याचा उपयोग तुम्ही का करून घेतला नाही? ती मेलेली आहे, असे सांगितल्यावर त्यांनी खुलासा केला की निषिद्ध आहे ते तिचे खाणे. अर्थात कातडे कमावून वापरता आले असते. लोकांनी ज्या वस्तूवरून नजर काढून घेतली होती तिच्यात अल्लाहच्या प्रेषितांना (स.) उपयोग दिसला. आपल्या दारामागच्या चिंधीच्या गोणीकडे पाहण्याची दृष्टी आपण येथून घेतली पाहिजे.

या दृष्टीचा आपल्या मातीलाही चांगला परिचय आहे. आपल्या आज्या-पणज्या जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवत असत. त्या एका गोधडीत घरातल्या चार माणसांचे जुने कपडे सामावलेले असत. आज शहरांतील प्रदर्शनांत अशाच गोधड्या हौसेने विकत घेतल्या जातात आणि आपण मात्र घरातली गोधडी पाहुण्यांपासून लपवतो!

लाज कशाची?

हे काम सुचवले की अनेक घरांतून एकच उत्तर येते: "लोक काय म्हणतील? आपल्या घरची बाई चिंध्यांच्या पिशव्या शिवून बाजारात विकणार?" या लाजेने कित्येक घरे कर्जात बुडवली आहेत, म्हणून तिची तपासणी करणे आवश्यक आहे.

ह. नूह (अ.) आपल्या हातांनी नाव बांधत होते तेव्हा त्यांच्या समाजातील पुढारी जाता-येता त्यांची थट्टा करत, असे सूरह हूदमध्ये सांगितले आहे. ह. दाऊद (अ.) राजे होते, तरी अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते चिलखते घडवत. ह. मिकदाम (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) याच ह. दाऊद (अ.) यांचे उदाहरण देऊन, स्वतःच्या हातच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही, असा आशय सांगितला आहे. ह. जकरिया (अ.) सुतार होते. स्वतः प्रेषित (स.) घरी आपले जोडे सांधत आणि कपडे शिवत, ही साक्ष ह. आयेशा (रजि.) यांची आहे. ह. उमर (रजि.) मुस्लिमांचे शासक असताना त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध तीन थिगळे एकावर एक लावलेली ह. अनस (रजि.) यांनी पाहिली होती. प्रेषित आणि खलीफा यांना ज्या सुईदोऱ्याची लाज वाटली नाही, तिची लाज आपल्याला वाटावी हे आश्चर्य नव्हे काय?

भगिनींनी तर ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचे चरित्र अवश्य आठवावे. प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितले होते की, ज्यांचा हात सर्वांत लांब आहे त्या सर्वांआधी मला येऊन मिळतील. त्या सर्वजणी आपापले हात मोजू लागल्या. हिजरी २० मध्ये ह. जैनब (रजि.) यांचे निधन झाले तेव्हा या वचनाचा अर्थ उलगडला. त्या कातडे कमावत, शिवणकाम करत आणि आलेली कमाई दान करत. म्हणजे दान करणारा हात हाच लांब हात, आणि तो कष्ट करणाराही हात होता. मुस्लिमांची माता स्वतः कातडे कमावते, मग आपल्या लेकीसुनांनी जुन्या जीन्सची पिशवी शिवली तर कोणाची इज्जत जाते?

लाज वाटायचीच असेल तर ती हात पसरताना वाटावी. दोरी घेऊन रानात जाणे आणि लाकडाची मोळी पाठीवर आणून विकणे हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगले, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यास आले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरात काय आहे ते विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचा एक प्याला, एवढेच होते. ते दोन दिरहमला विकले गेले. एका दिरहमचे धान्य घरी गेले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आली. तिला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस दिसू नकोस, असे सांगून त्यांना रानात पाठवले. ते परतले तेव्हा त्यांच्यापाशी दहा दिरहम होते. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हा प्रसंग आपल्या समाजसेवकांनी पुन्हा पुन्हा वाचावा. गरजवंताच्या हाती शिध्याची पिशवी देणे पुण्याचेच आहे, पण त्याच्या कुऱ्हाडीला दांडा बसवून देणे ही त्याहून टिकाऊ मदत आहे.

चिंधी कोणाची?

आता कामाकडे वळू. येथे पहिला प्रश्न हलाल-हरामचा आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. शिंप्याकडे उरलेला तुकडा कोणाचा? ग्राहकाने कापड आणून दिले असेल तर त्यातून उरलेले कापडही ग्राहकाचेच असते. शिंप्याला शिलाई मिळते, कापड नाही. हातरुमालाएवढे तुकडे लोक मागत नाहीत आणि ते सोडून देण्याचा रिवाज आहे, हे खरे. परंतु अर्धा मीटर कापड मुद्दाम वाचवून ठेवणे आणि त्याची पिशवी करून विकणे ही अमानतीतील खयानत होय. उपाय सोपा आहे. कापड घेतानाच विचारावे, "उरलेले तुकडे परत हवेत का?" दुकानात तशी पाटी लावावी. कारखान्यातील कामगारानेही उरलेले सूत वा कटपीस मालकाला विचारल्याशिवाय घरी नेऊ नये. मालकाने दहा रुपयांना गोणी दिली तर ती दहा रुपयांची गोणी आपल्या कमाईचा पाया स्वच्छ करते.

रस्त्यावर पडलेला खजूर पाहून, हा सदक्याचा असण्याची भीती नसती तर मी तो खाल्ला असता, असे प्रेषित (स.) म्हणाले होते. यावरून विद्वानांनी असे सांगितले की, मालक ज्याचा शोध घेणार नाही अशी क्षुल्लक वस्तू उचलण्यास हरकत नाही. कोणी टाकून दिलेली बाटली, डबा, खोका यांना हा नियम लागू होतो. पण दाराबाहेर वाळत घातलेली चादर आणि कचऱ्यात टाकलेली चादर यांतील फरक ईमानधारकाला कळलाच पाहिजे.

दुसरी बाब पाकीची. जुने कपडे कोठून आले हे ठाऊक नसेल तर ते प्रथम नीट धुवून पाक करावेत, उन्हात वाळवावेत आणि मगच कात्री लावावी. चिंध्यांच्या तुकड्यांची जानमाज शिवणाऱ्यांनी तर याकडे अधिक लक्ष द्यावे.

तिसरी बाब आदराची. उर्दू वर्तमानपत्रे, जुनी कॅलेंडरे आणि आपल्या लग्नपत्रिका यांवर बिस्मिल्लाह, कुरआनच्या आयती आणि अल्लाहचे नाव छापलेले असते. त्यांच्या पुड्या व पाकिटे होऊन ती पायदळी जावीत, हे कोणालाही रुचणार नाही. रद्दी निवडताना असा मजकूर कापून वेगळा काढावा आणि आदराने ठेवून द्यावा. उरलेल्या जाड कागदाची पाकिटे खुशाल करावीत. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरून अपाय करते. म्हणून अशा पिशव्या भजी-समोशांसाठी विकू नयेत. ग्राहकाच्या आरोग्याचा हा प्रश्न कायद्याचा आहे, तसा अमानतीचाही आहे.

बाजारात खरे बोलणे

२३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यामुळे कापडी पिशवीला आठवडी बाजारात आणि भाजीच्या गाड्यांवर ग्राहक आहे. पायपुसणी, उशांचे अभ्रे, गोधड्या, डबा ठेवण्याच्या पिशव्या यांनाही मागणी असते. पण ग्राहक एकदा फसला की दुसऱ्यांदा येत नाही, आणि अल्लाह तर पहिल्याच वेळी पाहत असतो.

जुन्या मालाच्या विक्रीत फसवणुकीच्या वाटा पुष्कळ आहेत. बाहेरून चांगले कापड आणि आत विरलेले अस्तर. जुनी चेन पॉलिश करून नवी म्हणून सांगणे. रंग जाणार हे ठाऊक असूनही गप्प राहणे. याच्या उलट प्रकारही अलीकडे दिसतो: कारखान्यातील नवा माल आणून तो 'टाकाऊतून हाताने बनवलेला' म्हणून चढ्या भावाने विकणे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसावे असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून त्यांनी बजावले की फसवणारा आपल्यातला नव्हे. आपल्या पिशवीचे विरलेले अस्तर ही तीच ओली रास होय.

विक्रेता आणि ग्राहक खरे बोलले व दोष सांगितला तर सौद्यात बरकत येते, आणि लपवले तर ती पुसली जाते, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. शपथेने माल खपतो, पण बरकत जाते, हीही त्यांचीच शिकवण. म्हणून स्पष्ट सांगावे: "ताई, कापड जुने आहे, शिलाई दुहेरी आहे. पाच किलोपर्यंत वजन घ्या, जास्त नको." असे ऐकून एखादे गिऱ्हाईक परत जाईल. जे थांबेल ते कायमचे आपले होईल.

काम जुन्या वस्तूंचे असले तरी ते ओबडधोबड असावे असे नाही. ह. दाऊद (अ.) यांना चिलखताच्या कड्या प्रमाणशीर जोडण्याची आज्ञा होती, हे सूरह सबामध्ये आले आहे. प्रत्येक काम उत्तम रीतीने करणे अल्लाहने आवश्यक केले आहे. टाका सरळ, कडा दुमडलेल्या, बंद घट्ट. ही कारागिराची साक्ष आहे.

शिवणाऱ्या हाताची मजुरी

येथे मला अशा बांधवांशी बोलायचे आहे, जे स्वतः शिवत नाहीत, पण इतरांकडून शिवून घेऊन विकतात. समजा, एक पिशवी बाजारात ८० रुपयांना जाते. धागा, चेन, बंद यांचे १५ रुपये आणि गाडीभाडे व जागा यांचे १० रुपये धरा. उरले ५५. त्यांपैकी शिवणाऱ्या भगिनीला ६ रुपये देऊन उरलेले ४९ आपण ठेवले, तर कोणते न्यायालय आपल्याला जाब विचारणार नाही. पण पुनरुत्थानाच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तिघांविरुद्ध उभा राहणार आहे, त्यांत मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा आहे. आपण मजुरी दिली हे खरे, पण ती तिच्या नाइलाजाकडे पाहून ठरवली की तिच्या कामाकडे पाहून? हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावा. दर आधी ठरवावा, वहीत लिहावा, घाम वाळण्यापूर्वी द्यावा, आणि माल खपला नाही ही सबब तिच्या मजुरीआड आणू नये.

घरातील पुरुषांनीही ध्यानात घ्यावे की पत्नीची कमाई तिची स्वतःची असते. घरखर्चाची जबाबदारी शरीअतने पतीवर टाकली आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी आपल्या कमाईतून पती व पोरक्या मुलांवर खर्च करत असत. हे सदका होईल का, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना दुहेरी पुण्याची शुभवार्ता मिळाली: एक नात्याचे आणि एक दानाचे. अर्थात पत्नीने दिलेला पैसा हे तिचे औदार्य आहे, आपला हक्क नव्हे.

कमाईचा हक्क

छोट्या कामातही हिशेब ठेवावा. विक्रीसाठी तयार माल, विक्रीच्या वस्तूंसाठी आणलेले कापड आणि हातातील रोकड मिळून निसाबइतकी होत असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल, तर त्यावर अडीच टक्के जकात आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. शिलाई मशीन, कात्री ही कामाची साधने आहेत, त्यांवर जकात नाही. ज्या हाताला काल जकात घ्यावी लागत होती तो हात उद्या जकात देणारा व्हावा, याहून मोठे यश या धंद्याचे कोणते?

आणखी एक सूचना. फाटके, विटके कपडे गोळा करून आपण ते 'सदका' म्हणून गरिबाच्या दारी टाकतो. आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय जे घेणार नाही असे निकृष्ट देऊ नये, अशी ताकीद सूरह अल-बकरामध्ये आहे. धडके कपडे धुवून, इस्त्री करून सन्मानाने द्यावेत. फाटके कपडे शिवणाऱ्या भगिनीला कच्चा माल म्हणून द्यावेत. ती त्यातून रोजी कमावील आणि कोणाच्या उतरलेल्या कपड्यांत वावरण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

आपण काय करू शकतो?

मोहल्ल्यातील दहा घरांनी मिळून आरंभ करावा. मशिदीच्या जमाअतने परवानगी दिल्यास महिन्यातून एका जुम्याला जुने कापड जमा करावे. ज्यांच्याकडे ऐपत आहे त्यांनी दोन मशीन आणि धाग्याचे खोके यांसाठी बिनव्याजी कर्जे हसना द्यावे. या कामाला भांडवल इतके थोडे लागते की व्याजाच्या दाराशी जाण्याची गरज पडू नये. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी बाजाराच्या दिवशी मांडणी आणि हिशेब सांभाळावा. आणि ज्यांना यांपैकी काहीच जमणार नाही त्यांनी निदान एवढे करावे: मोहल्ल्यातील भगिनीने शिवलेली पिशवी भाव न पाडता विकत घ्यावी आणि ती हातात घेऊन अभिमानाने बाजारात जावे.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, असे आपल्याला शिकवले गेले आहे. गटार तुंबवणारी चिंधी उचलली गेली तर हा भाग पूर्ण होतो, तिची पिशवी झाली तर उधळपट्टी टळते, ती खरेपणाने विकली गेली तर हलाल रोजी घरात येते, आणि त्या रोजीतून शेजारच्या अनाथाला घास मिळाला तर तीच चिंधी परलोकाची पुंजी होते.

हे अल्लाह! आमच्या हातांना कष्टाची गोडी दे, आमच्या वाणीला बाजारातही सत्य दे. आम्हाला उधळपट्टीपासून, व्याजापासून आणि लाचारीपासून वाचव. आमच्या थोड्या कमाईत बरकत घाल आणि आमचे हात देणारे हात कर. आमीन.